कुणाचा गुडघा

सावित्रीबाईंनी शेळीला पायाशी उभं केलं, लुगडं जरा वर धरलं आणि स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. शेळीची पाठ चार बोटं वर गेली होती. त्यांनी तिला मागे नेलं, पुन्हा जवळ आणलं. तरी चार बोटं वरच.

"वाक की गं थोडी," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस."

शेळीनं पदराचं टोक तोंडात घेतलं.

*नियम: कॉलनीत शेळी पाळू नये.*

नवरा गेल्यावर मुलानं, नवनाथनं, त्यांना पेठहून नाशिकला आणलं. द्वारका चौकामागच्या या बैठ्या घरांच्या कॉलनीत त्या आल्या आणि गप्प झाल्या. शेवटी नवनाथनंच बाजारातून हे मांजराएवढं पिल्लू आणलं. "बुटकी जात आहे, वाढायची नाही," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. सावित्रीबाई बोलू लागल्या. आधी शेळीशी, मग बाकीच्यांशी.

कॉलनीच्या सभेत सचिव स्नेहलनं विचारलं, "बुटकी म्हणजे केवढी हो, मावशी?"

सावित्रीबाईंनी उभ्या उभ्या गुडघ्यावर हात ठेवला. स्नेहलनं तसंच लिहून घेतलं.

*दुरुस्ती: बुटकी शेळी चालेल. बुटकी म्हणजे गुडघ्याएवढी.*

पण शेळी वाढली. शेजारच्या खंडेरावांनी उन्हाळ्यात अर्ज दिला: पहाटे ओरडते, झोप मोडते, शिवाय नियमापेक्षा मोठी झाली आहे, मोजावी. खंडेराव एकटे राहत. ताडमाड माणूस, बोलणं मोजकं. अर्जावर कुणी हललं नाही आणि मोजायला दिवाळी उजाडली.

मधल्या काळात सावित्रीबाईंना रोज सकाळी फाटकाशी पाला ओरबाडलेल्या काड्या सापडू लागल्या. शेवग्याच्या. त्यांच्या अंगणात शेवगा नव्हता. त्या काड्या झाडून टाकत आणि कुणाला काही बोलत नसत.

आता अंगणात स्नेहल होती, नवनाथ होता आणि फाटकाबाहेर खंडेराव.

"मावशी, जास्त झाली तर गावी पाठवावी लागेल," स्नेहल हळूच म्हणाली.

"गावच्या घराला कुलूप हाय. तिथं ती कुणाशी बोलंल?"

स्नेहलनं वही उघडली, मिटली. "कुणाचा गुडघा ते लिहायचं राहिलंय. माझा धरू?"

"तुझा नको, पोरी. तू माझ्याहून बुटकी."

नवनाथ हसला आणि आईनं पाहताच थांबला.

"अर्ज माझा आहे," फाटक ढकलत खंडेराव म्हणाले. "गुडघाही माझाच धरा."

सावित्रीबाईंनी शेळीच्या गळ्यातली दोरी घट्ट पकडली. खंडेराव शेळीशेजारी ताठ उभे राहिले. स्नेहल वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"काका, एक बोट वर आहे."

शेळीनं मान वळवली, खंडेरावांच्या विजारीच्या खिशात नाक खुपसलं आणि शेवग्याची डहाळी ओढून काढली. अर्धी तोंडात राहिली, अर्धी फरशीवर पडली. नवनाथ वर विजेच्या तारांकडे पाहू लागला.

"फरशी उतरती आहे इथं," खंडेराव म्हणाले. "माप चुकतं."

ते ओट्याच्या पायरीवर चढले आणि तिथूनच म्हणाले, "आता बघ."

स्नेहलनं पाहिलं. सावित्रीबाईंनी पडलेला पाला उचलून खंडेरावांच्या हातात दिला.

"तुम्हीच द्या, भाऊ. माझ्या हातचा खात नाय ती हल्ली."

*दुरुस्ती: गुडघा खंडेरावांचा धरावा. मोजताना ते पायरीवर उभे असावेत.*