नांदायला

शिवकन्या मागच्या दारानं आत आली तेव्हा नागुबाई मोठ्या कढईत रवा भाजत होती.

“अगं बया, लवकर आलीस की! कार्यक्रम तर दुपारी हाय,” नागुबाई म्हणाली. तिला वाटलं, मालिनीताईंच्या सत्कारासाठीच लेक उदगीरहून आली.

शिवकन्येनं गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला पदर सोडला. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं उमटली होती.

नागुबाईनं गॅस बंद केला.

“शिवांश कुठाय?”

“त्याच्या आजीपाशी. मांडीवर दाबून बसली, सोडलंच न्हाई. म्हणली, जायाचं तर एकली जा.” शिवकन्या पाटावर बसली. “मी आता नांदायला जात न्हाई माय. एखाद्या दिवशी जीवच घेईल तो.”

नागुबाईनं तिला पाणी दिलं. बाहेर अंगणात मांडववाले खुर्च्या मांडत होते. फाटकावर नवा फलक लागला होता, ‘मायघर : सुवर्णमहोत्सव’.

पन्नास वर्षांपूर्वी मालिनीताई कंधारकरांनी नवऱ्याच्या बंगल्याच्या आवारात, पत्र्याच्या दोन खोल्यांत मायघर सुरू केलं. त्या काळी नांदेडात कुणी बाई दुसऱ्याच्या संसारात बोलायला जात नव्हती. मारहाण झालेल्या बाईला घेऊन ताई एसटीनं खेडोपाडी जायच्या, गावातल्या माणसांसमोर नवऱ्याला जाब विचारायच्या. लोकांनी त्यांच्या दारात शेण टाकलं. ‘घरं मोडणारी बाई’ म्हणून नाव ठेवलं. ते नाव ताईंच्या असं जिव्हारी लागलं की पुढचं सगळं आयुष्य त्या त्याचंच उत्तर देत राहिल्या. “मी घरं मोडत नाही, जोडते,” असं त्या प्रत्येक सभेत म्हणायच्या. नवऱ्याला बोलवायचं, चारचौघांत शपथ घ्यायला लावायची, बाईची ओटी भरायची आणि तिला पुन्हा नांदायला पाठवायची. अनेकींचे संसार त्यानंतर खरोखर नीट झाले. ज्यांचे झाले नाहीत त्यांतल्या बऱ्याचजणी सांगायला परत आल्या नाहीत.

नागुबाई परत आली होती. इस्लापूरकडच्या एका खेड्यातून पहिल्यांदा आली ती भाजलेली पाठ घेऊन. ताईंनी पाठीला मलम लावलं, ओटी भरून पाठवलं. दुसऱ्यांदा आली, पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा कडेवर शिवकन्या होती आणि उजव्या कानातून रक्त येत होतं. तो कान कायमचा गेला. त्या वेळी ती उंबऱ्यावर आडवी झाली आणि म्हणाली, “आता पाठवलं तर सहस्रकुंडाच्या धबधब्यात उडी घेईन.” ताईंनी तिला ठेवून घेतलं. स्वयंपाकघरामागची खोली दिली. पाटी देऊन अक्षरं शिकवली. एकदा विषमज्वरात नागुबाई महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिची उलटी ताईंनी आपल्या हातानं काढली. शिवकन्येला शाळेत घातलं, पालक म्हणून आपलं नाव दिलं. पुढं लग्नही त्यांनीच जमवलं. मुलगा उदगीरच्या मोंढ्यात धान्याच्या आडतीवर कामाला होता, त्याचे वडील ताईंच्या चळवळीतले. हुंडा नाही, मानपान नाही, याच अंगणात लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तो बालाजी.

नागुबाईनं हात पुसले आणि ती मंजुषाच्या खोलीकडं गेली. मंजुषा ही ताईंची एकुलती एक मुलगी. ताई थकल्यापासून मायघरचं समुपदेशन केंद्र तीच बघायची.

“बालाजीचा फोन येऊन गेलाय, मावशी,” ऐकून घेतल्यावर मंजुषा म्हणाली. “निघालाय तो. आईला घेऊन येतोय.”

“येऊ द्या. पोरगी जाणार न्हाई. माझ्या खोलीत राहील.”

“राहू दे की चार दिवस. पण पुढं?” मंजुषानं चष्मा काढला. “आपल्याकडं आता निवासाची परवानगी नाही, तुम्हाला माहितीय. वरच्या सगळ्या खोल्यांत नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या भाड्यावर तर हे चालतंय.”

“मग पोलिसात जाऊ.”

“जाऊ. मी येते बरोबर. गळ्यावरच्या खुणा दाखवू. पण ते आधी काय करतील सांगू? समुपदेशनाला पाठवतील. आणि पाठवतील कुठं? इथंच. माझ्यापुढं.”

नागुबाई दाराची चौकट धरून उभी राहिली.

“मंजुताई, तुमाला तर ताईंनी परत पाठवलं न्हवतं. पुण्याहून तुमी आलात तवा एकच चापट बसली होती. मी चहा घेऊन आले होते, ऐकलंय मी. ताई म्हणल्या, आता त्या घराची पायरी चढायची न्हाई.”

मंजुषा खिडकीबाहेर बघू लागली. वरच्या मजल्यावरून कुणी मुलगी मोठ्यानं पाठांतर करत होती.

“मला ठेवायला घर होतं, मावशी,” ती शेवटी म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. “आईनं कधी कुणाला सांगितलं नाही माझं. लोक विचारायचे, तर पुण्याला असते म्हणायची. दोन वर्षं मी या फाटकाबाहेर पडले नाही. लाज वाटायची तिला. माझी नाही. तिच्या भाषणांची.”

“मग शिवकन्येचं काय करायचं?”

मंजुषानं नागुबाईचा हात धरला, आणि नागुबाईनं तो सोडवून घेतला.

ताईंना तयार करायचं काम नागुबाईचंच होतं. ताई खाटेवर बसल्या होत्या. अंगावर फिकट निळी इरकल होती. केस इतके विरळ झाले होते की अंबाडा लिंबाएवढा व्हायचा. कधी त्यांना सगळं लख्ख आठवायचं, कधी समोरचं माणूसही ओळखू यायचं नाही.

“ताई, एक ऐकाल का?” केस विंचरता विंचरता नागुबाई म्हणाली. “शिवकन्या आलीय. नवऱ्यानं गळा दाबलाय. तिला नका पाठवू.”

“कोण शिवकन्या?”

“माझी लेक. तुमी लग्न लावलं तिचं.”

ताईंनी मान वळवली. क्षणभर त्यांची नजर पूर्वीसारखी धारदार झाली. “पाठवू नको तर ठेवू कुठं गं? किती जणींना ठेवलं असतं मी? ठाणेदार म्हणायचा, घरचा मामला आहे. भाऊ दारात उभं करायचे नाहीत. बापाला धाकट्या बहिणींची लग्नं करायची असायची. रस्त्यावर सोडू?”

“न्हाई ताई.”

“तुला ठेवलंच ना मी?”

“ठेवलं,” नागुबाई म्हणाली. “तिसऱ्या वेळी.”

समोरच्या आरशातून ताई नागुबाईकडं बघत राहिल्या. त्यांच्या ओठांची काहीतरी जुळवाजुळव चालली होती, आणि आता ताई ‘चुकलं’ म्हणतील असं वाटून नागुबाईचा कंगवा थांबला. पण ताई म्हणाल्या, “आज कुणाचं लग्न आहे? खुर्च्या कशाला मांडल्यात?”

कार्यक्रम व्यवस्थित पार पडला. पाहुणे बोलले, शाल झाली, वरच्या मजल्यावरच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. एका मुलीनं भाषणात सांगितलं की तिच्या आजीला ताईंनी घरी परत पोचवलं, म्हणून तिची आई जन्मली, आणि म्हणून आज ती डॉक्टर व्हायला निघालीय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी खरं तेच सांगत होती. नागुबाई शिऱ्याच्या प्लेटा भरत डावा कान तिकडं करून ऐकत होती. पहिल्याच रांगेत बालाजी बसला होता. पांढरा शर्ट, शेजारी त्याची आई धोंडाबाई. तोही टाळ्या वाजवत होता.

पाहुणे गेल्यावर सगळे ताईंच्या खोलीत जमले. बालाजीनं आधी ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं, मग नागुबाईच्या.

“चुकलं माझं, मामी,” तो म्हणाला. “राग आवरला न्हाई. आडतीवरचं टेन्शन. पुन्हा न्हाई होणार.”

“पोरगं जेवना झालंय, इहीणबाई,” धोंडाबाई म्हणाली. “सकाळधरनं माय माय करून राहिलं. जाऊबाईपाशी ठेवून आलोत.”

“आणलं का न्हाई त्याला?” शिवकन्येनं विचारलं.

“आणून काय करायचं? तू येणारच हायस की.”

बालाजीनं मोबाइल पुढं केला. पलीकडून शिवांशचं रडणं ऐकू आलं. शिवकन्या ते ऐकत उभी राहिली आणि मग मोबाइल परत न देता तशीच स्वयंपाकघरात निघून गेली. नागुबाई तिच्यामागं गेली.

“तू न्हाई म्हण,” नागुबाई म्हणाली. “मी हाय. माझी खोली हाय. पोराला कोर्टातून आणू.”

“कवा आणू? तो शाळंत जाईल, मोठा होईल, तवा?” शिवकन्येनं डोळे पुसले. स्वयंपाकघरामागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत खाट, ट्रंक, दोरीवर नागुबाईची दोन लुगडी. याच खोलीत ती लहानाची मोठी झाली होती. “माय, तू इथं राहिलीस म्हणून मी जगले. ते मी इसरत न्हाई. पण तू काय जगलीस? या घराबाहेर तू कुठं गेलीस? गोदावरीवर सुद्धा ताई नेतील तवा. तुला पोरगी जवळ होती. मी पोराला तिकडं सोडून इथं काय करू? डॉक्टर होणाऱ्या पोरींच्या पोळ्या लाटू?”

“जिवानिशी तरी राहशील.”

“हाव,” शिवकन्या म्हणाली. “तुझ्यावानी.”

लेकीला पुढं बोलायचं होतं, कदाचित माफी मागायची होती, पण तिनं मोबाइल कानाला लावला आणि ती म्हणाली, “रडू नको रे राजा. येऊन राहिले मी.”

मंजुषानं ओटीचं ताट केलं. नको म्हणाली होती ती, पण ताईंनीच मागितलं. समोर नवरा-बायको उभे दिसल्यावर पुढचं त्यांना न सांगता आठवलं. त्यांनी बालाजीला शपथ घ्यायला लावली, सगळे शब्द एकही न चुकता. बालाजीनं खाली मान घालून त्यांच्यामागं म्हटलं. ताईंना नारळ उचलेना म्हणून खण-नारळ पदरात घालायला नागुबाईला पुढं व्हावं लागलं. आजवर किती जणींच्या ओट्यांची तयारी तिनं केली होती. भरली कधी नव्हती.

शिवकन्येनं पदर पसरला. तिनं आईकडं बघितलं नाही.

फाटकापाशी गाडी उभी होती. धोंडाबाई आत बसली. बालाजी दार उघडून उभा असताना नागुबाई त्याच्यासमोर गेली.

“पुन्हा तिला हात लावलास तर...” ती म्हणाली.

पुढं म्हणण्याजोगं तिच्याकडं काही नव्हतंच. बालाजी नम्रपणे थांबला होता, तिचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत. शेवटी तोच म्हणाला, “येतो मामी. तब्येत सांभाळा.” आणि गाडी निघाली.

मांडववाले खुर्च्या उचलून घेऊन गेले. नागुबाईनं कढया घासल्या, उरलेला शिरा वरच्या मुलींना पाठवला. रात्री तिनं लेकीला फोन लावला.

“पोचले,” शिवकन्या म्हणाली.

“शिवांश जेवला का?”

“हाव.”

मागून बालाजीचा आवाज आला, “झालं ना बोलून? ठेव आता.” फोन बंद झाला. नागुबाईनं पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो बंद असल्याचं सांगणारी बाई बोलली.

ती ताईंच्या खोलीत गेली. दुधात भाकरी कुस्करून तिनं ताईंच्या गळ्याखाली फडका लावला. ताई दमल्या होत्या, पण खुशीत होत्या. शाल अजून त्यांच्या खांद्यावर होती.

“आज एक मुलगी गेली ना गं?” त्यांनी विचारलं. “कुठली होती?”

“उदगीरची.”

“नीट गेली?”

नागुबाईनं घास त्यांच्या तोंडाशी नेला. ताईंनी तो घेतला नाही. उत्तराची वाट बघत त्या तिच्याकडं टक लावून बसल्या होत्या, परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या. मनात साचलेलं सगळं आत्ता बोलून टाकलं तरी उद्या सकाळी ताईंच्या ध्यानात राहणार नव्हतं. आत्ता मात्र ते त्यांना पुरतं कळलं असतं.

“नीट गेली, ताई.”

ताईंनी समाधानानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. नागुबाईनं त्यांना घास भरवला, हनुवटीवर ओघळलेलं दूध फडक्यानं टिपलं आणि दुसरा कालवायला घेतला.