आधी तोंडाने, मग हाताने

"लगेच बाहेर येऊ नका, बाबा. आधी सांगा, कुठे आहात?"

बाबा जेवणाच्या टेबलाखाली होते. गुडघे कुरकुरत होते, टाळूला फळी टेकत होती. "आय ॲम... अंडर द टेबल," ते कसेबसे म्हणाले, आणि नेमकी त्याच वेळी त्यांची बायको भाजीची पिशवी घेऊन दारात आली. उभ्या घराला धाकात ठेवणारा नवरा सुनेपुढे रांगतोय, हे पाहून ती बापडी मुकाट्याने स्वयंपाकघरात गेली आणि तिथे पोट धरून हसली.

आता ही वेळ का आली, ते सांगायला हवं. बाबा गोदामात फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या लोखंडी काट्यांवर माल उचलून ठेवणारी गाडी, चालवत. उमेदीची सगळी वर्षं त्याच गाडीवर गेली होती आणि हात असा बसला होता की विचारू नका. पण गोदाम नव्या मालकाकडे गेलं, नवे साहेब आले, आणि साहेबांना आपल्या भाषेचा गंध नाही. ते चालकांच्या कानातल्या यंत्रातून इंग्रजीत सूचना देत. बाबांना निम्मं कळे, निम्मं डोक्यावरून जाई. पण पुन्हा विचारायची लाज. प्रत्येक सूचनेला आपलं "येस सर" ठोकून द्यायचे. अशाच एका येस सरपायी काचसामानाच्या खोक्यांवर रंगाचे डबे जाऊन बसले आणि खाली चुरा झाला. साहेब ओरडले नाहीत. महिनाअखेरीस परीक्षा घेतो, नाही जमलं तर गाडीची किल्ली ठेवून जा, एवढंच म्हणाले.

बाबांनी घरी अवाक्षर काढलं नाही, पण अन्नावरची वासना उडाली. बायकोला वाटलं, पित्त असेल. सुनेने मात्र ओळखलं. लग्नाला वर्ष होत आलं तरी या दोघांचं बोलणं "पाणी देऊ?" आणि "नको" यापलीकडे गेलं नव्हतं. तिने सरळ विचारलं, आणि कसं कोण जाणे, बाबांनीही सरळ सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू. साखरेचा डबा म्हणजे रॅक, काडेपेटी म्हणजे खोकं. आपण 'वर', 'खाली', 'मागे' हे वस्तूच्या नंतर बोलतो, ते लोक आधी बोलतात, हे तिने पहिल्यांदा सांगितलं. मग आपलं एकच 'वर' तिकडे कसं फुटतं तेही दाखवलं: डब्याला टेकलं की 'ऑन', नुसतं अधांतरी धरलं की 'अबव्ह'. बाबांना हे चटकन पटलं. खोकं टेकलं आहे की अजून काट्यांवर आहे, यावर तर त्यांचा जन्म गेला होता. चूक व्हायची ती घाईने. ऐकलं न ऐकलं की हात पुढे. तेव्हा सून काडेपेटीवर हात ठेवायची.

"आधी तोंडाने ठेवायचं, बाबा, मग हाताने. आणि कळलं नाही तर विचारायचं. विचारल्याने कोणी लहान होत नाही."

असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाबांनी प्रत्येक सूचना आधी मोठ्याने म्हटली, मगच गाडी हलवली. एक सूचना तर दोनदा विचारली. साहेबांनी दोनदा सांगितली. किल्ली बाबांकडेच राहिली. पुढे गोदामातले सगळेच चालक आधी बोलून मग माल ठेवू लागले आणि तूटफूट बरीच कमी झाली. बाबांना घरी येऊन सुनेला पुष्कळ काही सांगायचं होतं. प्रत्यक्षात ते एवढंच म्हणाले, "आज भाजी चांगली झालीये." भाजी त्यांच्या बायकोने केली होती.

मग चिरंजीवांची बदली झाली. मुलगा पुढे गेला. सामान आवरून सून निघाली, तेव्हा बाबा तिला बसवर सोडायला गेले. ती खिडकीपाशी बसली. बॅग बाबांच्या हातात.

"अंडर द सीट, बाबा," ती हसून म्हणाली.

बाबा वाकले, पण बॅग खाली ठेवेनात. आधी तोंडाने म्हणायचं होतं, आणि तोंडातून शब्द फुटेना. मागे माणसं खोळंबली. चालकाने भोंगा वाजवला.

"पोरी," बाबा म्हणाले, "तू होतीस म्हणून माझी गाडी राहिली. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

तिने नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला, काडेपेटीवर ठेवायची तसा.

"अंडर... द सीट," बाबा म्हणाले, आणि त्यांनी बॅग अलगद टेकवली.