सरकारांना वळायला जागा

"बाबा, सरकार यू-टर्न कुठून घेतात?"

बाबांच्या साहेबांसमोर मधुवंती हे विचारूच शकणार नाही, अशी तिच्या मैत्रिणींची, कस्तुरी आणि यशोधराची, पैज होती. मागच्या वर्षीची मधुवंती खरंच गप्प बसली असती. पण या उन्हाळ्यात ती पोहायला शिकली, खोल बाजूला धडाधड उड्या मारू लागली आणि तेव्हापासून तिची जीभही कुठं बिचकेना.

सरकार म्हणजे हॉलमधल्या काचेच्या टाकीतला अरोवाना मासा. आणला तेव्हा बोटाएवढा, आता तिच्या हाताएवढा लांब. तो आला आणि बाबांना सांवेर रोडच्या कारखान्यात बढती मिळाली, म्हणून घरात त्याचा थाट.

रविवारच्या पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरता भुरभुरता साहेब हसले. बाबा ओशाळले. "अगं, मासा टाकीच्या मापानंच वाढतो. कुंडीतल्या झाडासारखा."

"वा! माझे पाय तर बूट बघून थांबले नाहीत!"

कस्तुरीनं फुटणारं हसू ओढणीत दाबलं. पैज जिंकलेल्या मधुवंतीनं ऐटीत टाकीकडे पाहिलं आणि तिची ऐट उतरली. सरकार काचेपाशी आले, अंगाची कमान केली, शेपूट मागच्या काचेला घासली आणि कसेबसे वळले. दोन क्षणांत पुन्हा काच.

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावावर तिनं करून बघितलं. चार हात मारायचे की वळायचं, पुन्हा चार हात की वळायचं. आधी मजा वाटली. मग अंगात वेग यायच्या आतच थांबायचं, याचा जीव गुदमरवणारा कंटाळा आला.

"रस्ता भूल गयी क्या?" काठावरून यशोधरा ओरडली.

मधुवंती सुटली ती थेट पलीकडच्या टोकाला. भिंत धरून दम खाताना तिला वाटलं, सरकारांनी असं एकदाही केलं नसेल. एकदाही!

घरी तिनं विषय काढला तर आई म्हणाली, "मग तळ्यात सोडून देऊ. पुण्य लागेल."

"तिथले छोटे मासे गट्टम करतील ते! पुण्य कसलं?"

"मोठी टाकी आणतो मी," बाबा म्हणाले, "पण ठेवू कुठं, तेरे सिर पे? हॉलमध्ये दिवाण, सोफा, देव... जागा आहे काय?"

जागा होती. मधुवंतीला माहीत होतं. अभिरामदादा पुण्याला नोकरीला गेल्यावर तिला खोली मिळाली होती. किती वर्षं वाट पाहून! लांबच्या लांब भिंत तिनं स्वतः निळी रंगवली होती आणि पलंग त्याच भिंतीला चिकटवून लावला होता. ती आत जाऊन त्या पलंगावर बराच वेळ आडवी पडली. हात ताणले, पाय ताणले, कूस बदलली.

मग उशी काखेत मारून बाहेर आली.

"आई, बाबा, ठरलं. पलंग काढा. टाकी माझ्या निळ्या भिंतीला, मी दिवाणावर. आणि नुसती लांब नको, रुंद पण पाहिजे. सरकारांना आरामात वळता आलं पाहिजे. आत जाताना मात्र दार मलाच विचारून उघडायचं, समजलं?"