डावीकडे टेकणारं सिंहासन

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण नुसती खुर्ची म्हणाल तर याद राखा! नाटकातलं सिंहासन आहे मी. सुताराने मला घडवलं, शिंप्याने लाल मखमल चढवली, रंगाऱ्याने सोनेरी मुलामा दिला. पडदा वर गेला की आधी मला टाळी पडायची, मग राजाला.

एका दौऱ्यात ट्रकमधून उतरवताना माझा मागचा उजवा पाय निखळला. चार खिळे ठोकून वेळ मारून नेली. राजाचं काम करणारा नट डावीकडे भार देऊन बसायला शिकला. प्रेक्षक म्हणायचे, "काय रुबाब!" कसला रुबाब, पडायची भीती ती! मला मात्र कौतुक गोड लागलं.

एकदा तालमीला नाटकाच्या लेखिकाबाई आल्या. गुडघे दुखत होते, तरी उभ्याच. सिंहासनावर राजाशिवाय कुणी बसायचं नाही, असा मंडळींचा दंडक.

व्यवस्थापक म्हणाले, "मावशी, तुमची रॉयल्टी आणलीय."

"हा शब्द आला कुठून रे?"

राजा मिशी उतरवत म्हणाला, "मुळात राजेपण, मावशी. राजाच्या जमिनीत खाण खणली की त्याचा वाटा त्याला. त्या हक्कालाही रॉयल्टी म्हणू लागले. पुढे लिहिणाऱ्याच्या वाट्यालाही तेच नाव पडलं."

"म्हणजे खणता तुम्ही माझ्या जमिनीत, आणि मीच ताटकळत उभी? मग इथला राजा कोण?"

सगळे हसले. "बसा, महाराज!" नट कमरेत वाकला.

त्या बसल्या. सरळ, मधोमध. डावीकडे टेका, हे सांगायचं कुणाला सुचलंच नाही. सगळ्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं. माझा पाय सटकला. बाईंचं मनगट मोडलं.

"मला माहीत होतं हो," नट रडवेला झाला.

"मग तोंडात काय मिशी गेली होती?" बाई कळवळत म्हणाल्या.

ज्यांच्या शब्दांवर मी वर्षानुवर्षं मिरवले, त्यांचाच भार मला पेलला नाही. अंगावरच्या मखमलीची लाज वाटली मला.

सुताराने नवा पाय बसवला. काही दिवसांनी बाई आल्या, हात गळ्यात बांधलेला. नटाला म्हणाल्या, "आधी तू बस. मधोमध."

तो बसला. मी हूं की चूं केलं नाही.

"ऊठ आता. माझी जागा आहे ती."

मित्रांनो, मोडक्या वस्तूची सवय लावून घेऊ नका, ती वेळीच नीट करा. तुम्ही तोल सांभाळाल हो, पण विश्वासाने बसणारं माणूस पडेल. माझा नवा पाय भक्कम आहे. तरी बाई बसल्या, की त्या उठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.