चिमूटभर चुना

कोळशाच्या खाणीतून उपसलेलं आंबट पाणी नाल्यात सोडण्याआधी त्यात चुना कालवायचा, हे लटारूचं बारा वर्षांचं काम. कागदाची पट्टी बुडवायची. लाल झाली की चुना टाकायचा, हिरवी झाली की थांबायचं. पण तीन महिने पाण्याच्या टाकीकडे चुन्याचं एकही पोतं फिरकलं नव्हतं. चुना येत नव्हता असं नाही. तो साहेबांच्या कॉलनीच्या भिंतींना लागत होता.

इकडे नाल्याकाठची मिरची करपली, धुणं धुऊन बायांची बोटं चिरली. लटारूची बायको धुरपता मैलभर लांबच्या हातपंपावर धुणं नेऊ लागली. पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तिने गावभर फिरून सत्तर अंगठे गोळा केले, अर्ज दिला, आणि एक दिवस तपासणीचा साहेब खरंच आला. गावासमोर त्याने नाल्याचं तांबूस पाणी बाटलीत भरलं आणि सील न लावताच चहाला गेला. गाव पांगलं. राखणीला एकटा लटारू.

सुपरवायझर प्रफुल जवळ आला. "लटारूभाऊ, पानी खराब निंगालं तं पहिले कोनाची नोकरी जाईन? चुना कोन टाकते इथी?"

"द्याल तं टाकीन ना, बाबू!"

"तुमच्या खिशात हाये ना."

खिशात तंबाखूसोबतची चुन्याची डबी होती. किती पाण्याला किती चुना, हे लटारूइतकं अख्ख्या खाणीत कोणाला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली, तरी हात चुकला नाही. चिमूटभर टाकला, हलवलं, पट्टी बुडवली. हिरवीगार. साहेबाचा दुसरा चहा होईस्तोवर तांबूस गाळ तळाशी बसून पाणी निवळलं. साहेबाने बाटलीकडे न बघताच सील ठोकलं.

महिनाभराने ग्रामपंचायतीत अहवाल वाचला गेला: पाणी योग्य. अंगठे देणारेच खिदळले, "धुरपतानं गावाले चुना लावला!"

घरी येऊन ती चुलीपुढे बसली. "अवो, बाटलीपाशी तुमीच होता ना?"

"हो."

"मंग कोनी हात नसन लावला. मीच चुकली असन." तिने बोटांच्या चिरांना तेल चोळलं. "उद्यापासून नाल्यावरच धुनं नेईन. हातपंपावर बाया हासून राह्यल्या."

'जाऊ नोको' हे शब्द लटारूच्या तोंडाशी आले. पण ते बोलला असता, तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

सकाळी ती धुण्याचं टोपलं डोक्यावर घेऊन नाल्याकडे गेली.