चंदेरी पाकिटातलं बोर्ड

रविवारी सकाळी रंजनी तिरुवल्लिकेणीच्या बाजारातून भाजी आणि केळीची पानं घेऊन घरी आली, तेव्हा विश्वेश दारातच उभा होता. हातात तिचा फोन, आणि चेहऱ्यावर मोठे उपकार केल्याचं हसू.

"घे. झाला तुझा फोन. पाहा, चालूलालाय कीं!" तो घरच्या तंजावरी मराठीत म्हणाला.

रंजनीनं पिशवी खाली ठेवली आणि फोन घेतला. पडदा लख्ख उजळला होता. कोणती भाषा हवी, असं फोन तिला मोठ्या नम्रपणे विचारत होता. तमिळ, हिंदी, इंग्रजी, खाली आणखी बऱ्याच. फोन असं कधी विचारतो? कोरा असतो तेव्हा, दुकानातून आणल्यावर पहिल्यांदा. हा फोन ती गेली काही वर्षं वापरत होती, आणि त्यात काय आहे ते या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

उद्या शोळिंगनल्लूरला तिच्या कंपनीत तक्रार समितीपुढे तिची सुनावणी होती. विभागप्रमुखानं तिला केबिनमध्ये बोलावून काय काय ऐकवलं होतं, ते तिनं या फोनवर रेकॉर्ड करून कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवलं होतं. नक्कल चालणार नाही, मूळ फोन घेऊन या, असं समितीनं बजावलं होतं. ते रेकॉर्डिंग नसलं तर उरतं काय? एका बाईचा शब्द आणि एका वजनदार पुरुषाचा शब्द. त्यातून तो पुरुष कोणी परका नव्हता. तो रघुराम होता, तिच्या सासूचा सख्खा धाकटा भाऊ, विश्वेशचा मामा. रंजनीला ही नोकरीसुद्धा त्यानंच लावून दिली होती, आणि हे तो चारचौघांत दर वेळी आठवणीनं सांगायचा.

"कुठलं बोर्ड बदललास?" रंजनीनं विचारलं.

सासऱ्यांसमोर ती नवऱ्याला कधी अरेतुरे करत नसे. आज केलं. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या अनंतकृष्णांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

"मोठंच गेलेलं," विश्वेश म्हणाला. "छोटं लावून पाहिलों. काही उपयोग नाही झाला. मग मदरबोर्ड बदललों. माझ्याकडे एक होतं, नशीब तुझं."

रंजनीनं टेबलाकडे पाहिलं. गुरुवारी फोननं चार्ज घेणं सोडलं, तेव्हाच तिनं ओळखलं होतं की खालचं छोटं बोर्ड गेलं, ज्यावर चार्जरचं तोंड असतं ते. आधीच्या फोनचं तिनं व्हिडिओ पाहून स्वतःच्या हातानं बदललं होतं. असला फोन दुकानदाराच्या हाती द्यायचा नव्हता, म्हणून तिनं रिची स्ट्रीटवरून ते छोटं बोर्ड आणून ठेवलं होतं. आज दुपारी ती निवांत बसून ते बसवणार होती. ते टेबलावर तसंच पडलं होतं. पाकिटाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विश्वेश अडाणी असता, तर तिनं एक वेळ सोसलंही असतं. पण हा शहाणा शहराबाहेरच्या एका कारखान्यात दिवसभर फोन जोडणाऱ्यांवर देखरेख करतो. मोठ्या बोर्डावरच फोनची सगळी साठवण असते, ते काढलं की फोटो गेले, नंबर गेले, रेकॉर्डिंग गेलं, हे लग्नाच्या पहिल्या वर्षी यानंच तिला समजावून सांगितलं होतं. आणि त्याच मॉडेलचं मोठं बोर्ड रविवारी सकाळी घरात आपोआप येत नाही. ते आधीच आणून लपवून ठेवावं लागतं, आणि बायको बाजारात जायची वाट पाहावी लागते.

"माझं बोर्ड कुठं आहे?"

"टाकलों."

"कुठं टाकलास?"

"कचऱ्यात. सकाळची गाडी येऊन घेऊन गेली. अय्यो, रंजनी, फोन चालूलालाय ना? मग कां ओरडूलालीस?"

"बाळा," अनंतकृष्ण आता बोलले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि त्या मऊपणाची रंजनीला आज किळस आली. "झालं तें बरंच झालं. आपण मूठभर माणसं. तीनशे वर्षांमागं तंजावरला आलों, तेव्हापासून आपसांतली गोष्ट आपण कधी परक्यांपुढं नेली नाही. रघू आज स्वतः येणार आहे. ताट घेऊन."

म्हणजे तेही ठरलं होतं. स्वयंपाकघरातून वड्यांचा वास का येत होता, ते रंजनीला आत्ता कळलं. तिला केळीची पानं आणायला का पिटाळलं होतं, तेही कळलं. त्यांच्या नात्यागोत्यात तशी रीतच होती. चूक केलेल्या माणसानं फळं, विडा आणि कुंकवाचं ताट घेऊन यायचं, घरच्या सुनेनं ते घ्यायचं, सगळ्यांनी पानावर बसून जेवायचं. एकदा ताट घेतलं की विषय मेला. पुन्हा कोणी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. चूक काय होती, हेही कोणी विचारायचं नाही. किती सोयीची रीत! आणि सोय नेमकी कुणाची, हे विचारायची सोय नाही.

"मज कोणी विचारलं?" रंजनी कडाडली. "मी ताट घेईन म्हणून कोण ठरवलं?"

सासूबाई अलमेलू झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा मुलाकडे पाहिलं, आणि वडे करपतील म्हणून आत गेल्या.

रंजनी हॉलच्या मध्यभागी उभी राहून विचार करत होती. डोकं विलक्षण स्वच्छ चाललं होतं. टाकलं म्हणतो. हा माणूस? कारखान्यात काढलेल्या प्रत्येक बोर्डाचा हिशेब द्यावा लागतो. ती सवय याच्या अंगात इतकी मुरली होती की बंद पडलेल्या मिक्सरचा स्विचसुद्धा हा अंगावर वीज न साठणाऱ्या चंदेरी पाकिटात घालून, वर चिठ्ठी डकवून ठेवायचा. चालू बोर्ड कचऱ्यात फेकायला याचा हातच उठणार नाही. बायकोचं आयुष्य उकिरड्यावर टाकेल, बोर्ड नाही टाकणार.

ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि त्याची कारखान्याची बॅग तिनं पलंगावर उलटी केली. डबा, ओळखपत्र, छत्री, आणि चंदेरी पाकीट. वर त्याच्याच सुबक अक्षरांत मॉडेलचं नाव, तारीख आणि 'चालू' असं लिहिलेलं.

"दे तें इकडं!" विश्वेश मागोमाग धावत आला.

"हात लाव," रंजनी म्हणाली. "हात लावून तर पाहा."

त्यानं हात मागे घेतला.

पाहुण्यांसाठी हॉलमध्ये चटई अंथरली होती. तिच्या बरोब्बर मध्ये रंजनी मांडी घालून बसली. विश्वेशचेच स्क्रू-ड्रायव्हर, त्याचाच चिमटा. मागच्या झाकणाचा गोंद अजून ओला होता, त्यामुळे नखानंच ते सुटलं. आधी बॅटरीची जोडणी काढली. मग इवलेइवले स्क्रू एका वाटीत. मग एकेक पट्टी चिमट्यानं उचलून मोकळी केली. कोरं बोर्ड बाहेर आलं, जुनं आत गेलं. खाली तिनं आणलेलं छोटं बोर्ड सील फोडून बसवलं. अनंतकृष्ण दोनदा "रंजनी, उठ" म्हणाले. तिनं मानही वर केली नाही.

शेवटचे स्क्रू पिळत असतानाच रघुराम आला. मागे त्याचा ड्रायव्हर, दोन्ही हातांत फळांची भलीमोठी टोपली. रघुरामच्या हातात ताट. तो सोफ्यावर ऐसपैस बसला आणि प्रसंग काय आहे ते क्षणभर न कळून हसला.

"काय, रंजनी? रविवारीही काम?"

रंजनीनं चार्जर लावला. फोन थरथरला आणि चार्ज घेऊ लागला. तिनं तो सुरू केला. त्यानं भाषा विचारली नाही, पिन विचारला.

"पाहा, बाळा," रघुराम सोफ्यावरून पुढे झुकला. "मी थोर मनाचा माणूस. काही कमीजास्त बोललों असेन. रोजचा ताण असतो ऑफिसात. तूं हें ताट घे. उद्याचं तें सारं काढून टाक. आपसांत मिटवूं."

"काय बोललात तें आठवत नाही कां, मामा?" रंजनी म्हणाली. "मी ऐकवतें."

तिनं पिन घालून रेकॉर्डिंगवर बोट टेकवलं. रघुरामचाच आवाज हॉलभर घुमला, घरच्याच त्या जुन्या मराठीत. ऑफिसात आजूबाजूला सगळे तमिळ बोलणारे, म्हणून तो तिच्याशी हे असलं नेहमी मराठीत बोलायचा. शेजारच्याला वाटावं, घरची खुशाली विचारतोय.

"शनिवारी कोवलमच्या रिसॉर्टवर ये. मीटिंग आहे म्हणून सांग घरीं. नाही आलीस तर नोकरी नाही, समजलीस? आणि घरीं बोललीस तर तुझंच नाव जाईल. विश्वेश काय करील? तो पोर माझे शब्दाबाहेर नाही."

विश्वेश मान खाली घालून उभा राहिला. अनंतकृष्णांच्या मांडीवरचा पेपर घसरून खाली पडला. ड्रायव्हर टोपली धरून तसाच उभा होता. त्याला मालकाचा आवाज ओळखता आला होता, बोलणं कळलं नव्हतं.

रघुराम मात्र घाबरला नाही. तोच तर त्याचा मोठेपणा. त्यानं ताट टीपॉयवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "बरं. हें घेऊन जा उद्या. पण तिथं ही भाषा कळते कुणाला? अर्थ सांगायला आपलंच माणूस लागणार, तूं सोडून. कोण सांगणार? विश्वेश? भावजी?"

त्यानं एकेकाकडे पाहिलं. विश्वेशनं मान वर केली नाही. अनंतकृष्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसत बसले. रंजनीला वाटलं, आत्ता या दोघांच्या तोंडावर तो फोन फेकून मारावा.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. अलमेलू तमिळमध्ये बोलत होत्या. जन्मभर त्यांनी सरकारी शाळेत तमिळ शिकवलं होतं, आणि शेवटच्या बाकावर ऐकू जावं अशा आवाजात त्या प्रत्येक वाक्य सोडवून सांगत होत्या. शनिवारी कोवलमच्या रिसॉर्टवर ये. नाही आलीस तर नोकरी नाही. घरी बोललीस तर तुझंच नाव जाईल. एक शब्द त्यांनी गाळला नाही, एक शब्द सौम्य केला नाही. मराठीत ऐकताना ती घरातली गोष्ट वाटत होती. तमिळमध्ये ती उघडी पडली.

ड्रायव्हरनं मालकाकडे पाहिलं. मग हातातल्या टोपलीकडे पाहिलं आणि ती उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी नेऊन ठेवली.

"अक्का!" रघुराम ताडकन उठला. "मी तुझा भाऊ आहें!"

"म्हणूनच तुझं बोलणं मज बरोबर कळतं," अलमेलू म्हणाल्या. "ताट उचल, रघू. रंजनी, उद्या किती वाजतां जायचं?"

"नऊला निघू, अत्ते."

रघुराम ताट घेऊन निघून गेला. जिन्यात त्याचा ड्रायव्हरवर ओरडल्याचा आवाज आला. विश्वेश चटईच्या कडेला येऊन उकिडवा बसला. फोनचं झाकण लावायला त्यानं गोंदाची नळी पुढे केली. रंजनीनं ती घेतली नाही.

"रंजनी," तो हळूच म्हणाला, "बोर्ड मीच बदललों, हें तिथं सांगणार कां? माझं नाव घेणार?"

"घेणार," रंजनी म्हणाली. "त्याला तर भाषांतरही लागणार नाही."