सोबत आलेल्यांची खुर्ची

तुमच्या डोळ्यांसमोर होतं सगळं. रोज ताटाला ताट लावून जेवलात, आणि तरी तपासायला घेऊन आलात ते चुकीच्या माणसाला!

मी बोलतेय. वयस्कांची स्मरणशक्ती तपासतात त्या खोलीतली खुर्ची. तपासायच्या माणसाची नव्हे, सोबत आलेल्याची.

जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सहा बहिणी होतो, एकाच सुताराच्या हातच्या. काय दिवस होते ते! मुलं आमच्या पाठीवर ओले टॉवेल वाळत टाकायची. जेवणं आटोपली, हात सुकले, तरी कुणी उठायचं नाही. मग घरातली माणसं पांगली, टेबल विकलं गेलं. त्या घरची मुलगी डॉक्टर झाली होती. आईची आठवण म्हणून तिने मला इथे आणलं.

इथे सोबत्याने बोलायचं नसतं. इशारेही नकोत, म्हणून मला पेशंटच्या मागे, भिंतीजवळ ठेवलंय. पण संसाराची सवय अशी सुटते का? बायका खोकतात, मुली पुटपुटतात. एका नवरोबांनी तर बायकोला दिसणार नाही हे विसरून तिच्या पाठीमागून बोटांनी उत्तर दाखवलं होतं!

गेल्या आठवड्यात एक आजोबा आले. बाबा हल्ली बोलतच नाहीत, काही विचारलं की आईकडे बघतात, असं त्यांची लेक सांगत होती. आजी माझ्यावर ऐटीत बसल्या. म्हणाल्या, "यांचं काय विचारता? लग्नाच्या दिवशी यांचे बूटसुद्धा मीच शोधून दिले."

तपासणाऱ्या ताईंनी महिना विचारला. ऑगस्ट चालू होता.

"मार्च," आजी मागून म्हणाल्या.

आजोबांनी मान खाली घातली. "मार्च."

ताई थबकल्या. मायलेकींना त्यांनी चहाला पाठवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आजोबांनी महिना सांगितला, वार सांगितला, मघाशी ऐकलेले शब्द ओळीने सांगितले, घड्याळाचं चित्रही बिनचूक काढलं.

"मग मघाशी मार्च का म्हणालात?"

ते टेबलाची कड चोळू लागले. "ती एकटी चुकतेय असं दिसायला नको, म्हणून. तुम्ही मलाच विसराळू लिहा ना. घरात तसंच चाललंय, बरं चाललंय."

ताईंनी त्यांना समजावलं. कधीकधी नुसती जीवनसत्त्वाची कमतरता निघते, ती भरून काढता येते. दुसरं काही निघालं, तरी लवकर कळलेलं बरं. झाकून ठेवण्यात जाईल तो वेळ आजींचाच जाईल. आजोबांनी डोळे पुसले आणि लेकीला आत बोलवायला सांगितलं.

आता माझे सांधे सैल झालेत, कुणी बसलं की कुरकुरतात. फार दिवस राहिले नाहीत असं समजा. म्हणून मागून घेते: तुमच्या घरात सगळ्यांच्या वतीने जे माणूस बोलतं ना, त्यालाही एकदा निवांत बसून विचारा, तुझं कसं चाललंय?

आज आजोबा माझ्यावर बसलेत आणि आजी समोरच्या खुर्चीत. ताईंनी महिना विचारलाय. आजी मागे वळून बघतायत.

"अहो, सांगा ना."

आजोबांनी माझे हात इतके घट्ट धरलेत की लाकूड करकरतंय.

पाण्याचा ग्लास ठेवायला आलेल्या मावशी दारातच थांबल्या. हळूच म्हणाल्या, "काका, खुर्ची पुढे ओढा की. तिथून काकूंपर्यंत हात कसा पोचेल?"